ट्रॅक्टर-ट्रॉलीला घडीची पायरी : चढा जपून, उतरा जपून

(शेतकरी मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मी कृषिविद्या विषयाचा अध्यापक. त्यामुळे आज मी बियाणे, पेरणीचे अंतर किंवा खतांच्या मात्रा यांवर बोलेन, अशी आपली अपेक्षा असणार. पण आज मी आपणापुढे एक साधा लोखंडी तुकडा घेऊन उभा आहे. ही आहे पायरी. ट्रॅक्टरवर आणि ट्रॉलीत चढण्या-उतरण्याची, गरज असेल तेव्हा खाली येणारी आणि गरज संपली की वर जाणारी पायरी.

हा विषय मी का निवडला, ते आधी सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या घरच्या शेतावर सोयाबीनची काढणी चालू होती. सकाळची वेळ, दव पडलेले. ट्रॉलीत सोयाबीन रचून झाले आणि आमच्याकडे नेहमी कामाला येणाऱ्या एक मावशी खाली उतरू लागल्या. उतरायला दुसरी सोय नव्हती, म्हणून त्यांनी ट्रॉलीच्या टायरवर पाय ठेवला. टायर ओला, चप्पल ओली. पाय घसरला, त्या हातावर पडल्या आणि मनगटाचे हाड मोडले. दवाखान्याचा खर्च आम्ही केला. पण त्यांचा सगळा रब्बी हंगाम हातचा गेला. ज्या हाताने खुरपे धरायचे, तोच हात प्लॅस्टरमध्ये.

त्याच वेळी मी शेजारच्या वावरात टेप घेऊन सोयाबीनच्या दोन ओळींतील अंतर ४५ सें.मी. आहे की नाही, हे मोजत होतो. टेप माझ्या हातात होता. पण आपल्याच ट्रॉलीची जमीन किती उंच आहे आणि तेथून माणूस कसा उतरतो, हे मी कधी मोजले नव्हते. ही चूक माझी होती. ती आपल्याकडून होऊ नये म्हणून हे चार शब्द.

आज आपण कसे चढतो-उतरतो?

जरा डोळ्यांपुढे आणा. ट्रॅक्टरवर चढताना एक हात स्टिअरिंगला, दुसरा मडगार्डला आणि पाय मिळेल तेथे. कारखान्यातून आलेली पायरी पुष्कळदा बांधाला लागून वाकलेली असते, नाही तर पिकात अडकते म्हणून काढून टाकलेली असते. ट्रॉलीला तर बहुधा पायरी नसतेच. मग टायर, चाकाची बशी, फाळक्याचा हुक, नाही तर ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामधला दांडा, यांपैकी सापडेल त्यावर पाय देऊन माणसे वर जातात. उतरताना तर बहुतेक जण सरळ उडी मारतात.

यातील प्रत्येक जागा धोक्याची आहे. टायर गोल असतो, त्यावर पाय सपाट टेकत नाही. ट्रॅक्टर जरासा हलला तरी टायर फिरतो आणि माणसाला चाकाखाली घेतो. मधल्या दांड्यावर उभा असलेला माणूस घसरला तर तो ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्या मध्ये पडतो, म्हणजे थेट ट्रॉलीच्या चाकापुढे. स्टिअरिंग हा आधार नव्हे, कारण ते फिरते. गिअरच्या दांडीला धरून चढणे तर त्याहून वाईट.

उडीचा हिशोबही ऐका. ट्रॉलीची जमीन साधारणपणे एक मीटरच्या आसपास उंच असते. एक मीटरवरून उडी मारली तर जमिनीला टेकताना शरीराचा वेग ताशी सुमारे १६ कि.मी. होतो. गुडघे वाकवून २० सें.मी. अंतरात शरीर थांबवले, तरी पायांवर वजनाच्या सरासरी सहापट भार येतो. म्हणजे ५० किलो वजनाच्या बाईच्या पायांवर ३०० किलो. गुडघे ताठ राहिले तर याहून कितीतरी जास्त. ढेकूळ, सरीचा उतार किंवा उसाचे खोडकूट पायाखाली आले की हा सगळा भार एका घोट्यावर जातो. दिवसातून दहा वेळा अशी उडी मारणाऱ्याचे गुडघे आणि कंबर पन्नाशीच्या आत का बोलू लागतात, हे यावरून ध्यानात येईल.

पायरी घडीचीच का?

एस.टी. बसला खाली कायमची पायरी असते, कारण बस रस्त्यावर चालते. जुन्या टांग्यालाही लोखंडी पायदान असे, ते सुद्धा रस्त्यासाठीच. आपला ट्रॅक्टर मात्र बांध ओलांडतो, सरी-वरंब्यातून जातो, उभ्या पिकात चालतो. माणसाच्या पायाला पायरी खाली हवी आणि बांधाला ती वर हवी. या दोन गरजांचा मेळ कायमच्या पायरीने बसत नाही. म्हणूनच लोक ती कापून टाकतात आणि मग टायरवर पाय ठेवतात. यावर उपाय म्हणजे खाली-वर होणारी पायरी.

ही कल्पना नवी नाही. कंबाईन हार्वेस्टरची शिडी रस्त्याने जाताना वर उचलण्याची किंवा बाजूला वळवण्याची सोय अनेक यंत्रांत असते. काही मोठ्या मोटारगाड्यांत दार उघडताच विजेच्या मोटारीवर पायरी आपोआप बाहेर येते आणि दार लावताच आत जाते. आपल्याला एवढी महागडी सोय नको. गावच्या वेल्डिंगच्या दुकानात होईल, अशी पायरी पुरेशी आहे.

मापे कोणती ठेवावीत?

शेती यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी आंतरराष्ट्रीय मानके आहेत आणि भारतीय मानक ब्यूरोनेही मानके ठरवलेली आहेत. त्यांचा गाभा असा :

१. सर्वांत खालची पायरी जमिनीपासून ५५ सें.मी.पेक्षा उंच नसावी.

२. दोन पायऱ्यांमधील अंतर ३० सें.मी.पेक्षा जास्त नसावे आणि ते सर्व ठिकाणी सारखे असावे. अंतर कमी-जास्त झाले की पाय चुकतो.

३. पायरीची रुंदी एका पायासाठी निदान २५ सें.मी. असावी आणि पाऊल आत शिरण्यास १५ सें.मी. मोकळी जागा असावी. नुसत्या बोटांवर उभे राहावे लागेल, अशी पायरी कामाची नाही.

४. पायरीचा पृष्ठभाग न घसरणारा असावा आणि दोन्ही टोकांना पाऊल बाजूला सरकू नये म्हणून उभी कड असावी.

५. धरण्याची दांडी २५ ते ३८ मि.मी. जाडीची असावी. तिच्यामागे हात शिरण्यास ५ सें.मी. जागा असावी आणि तिचे खालचे टोक जमिनीपासून दीड मीटरच्या आत असावे.

यांतील उंचीची मापे कमाल मर्यादा आहेत, हे विसरू नका. आमच्या ट्रॉलीला पहिली पायरी मी पुस्तकाप्रमाणे बरोबर ५५ सें.मी.वर बसवली. त्याच मावशी हात बरा झाल्यावर पुन्हा कामाला आल्या होत्या. पायरीकडे पाहून त्या म्हणाल्या, "दादा, ही पायरी तुमच्या पायाची झाली, आमच्या न्हाई." त्यांचे म्हणणे खरे होते. आपल्याकडील बाईचा गुडघा जमिनीपासून साधारण ४० ते ४५ सें.मी.वर असतो. साडी नेसून गुडघ्याच्या वर पाय उचलणे अवघड जाते. म्हणून माझी शिफारस अशी की, पहिली पायरी ४० सें.मी.वर ठेवावी. त्यावर ७० सें.मी.ला दुसरी आणि मग १०० सें.मी.ला ट्रॉलीची जमीन, असा हिशोब जमतो. आपल्या ट्रॉलीची उंची मोजून त्याप्रमाणे अंतर वाटून घ्यावे.

पायरीचे तीन प्रकार

पहिला प्रकार, लवचीक पायरी : वरच्या पक्क्या पायरीला जाड रबरी पट्ट्याचे दोन तुकडे बोल्टने लावून खाली लोखंडी पायरी टांगायची. बांधाला लागली तर ती मागे वाकते आणि पुन्हा जागेवर येते. ट्रॅक्टरसाठी ही सोय सुटसुटीत आहे. पट्टा जाड व ताठ हवा. नुसत्या साखळीवर टांगलेली पायरी पाय ठेवताच आत झुलते आणि नडगी फुटते, म्हणून साखळी वापरू नये.

दुसरा प्रकार, बिजागरीची पायरी : ही पायरी वर उचलून खटक्यात अडकवायची असते. ट्रॅक्टरच्या एका खालच्या पायरीसाठी ही योग्य आहे. खटका वरच्या स्थितीत हवा, तसाच खालच्या स्थितीतही हवा. नाही तर पाय ठेवल्यावर पायरी हलते.

तिसरा प्रकार, सरकती शिडी : ट्रॉलीसाठी मला ही सर्वांत पसंत आहे. ट्रॉलीच्या बाजूला दोन जाड नळ्या उभ्या बोल्टने बसवायच्या. त्यांत बारीक नळ्यांची, चार पायऱ्यांची एकसंध शिडी खाली-वर सरकते. खाली सोडली की पहिली पायरी ४० सें.मी.वर येते, वर ओढून पिन घातली की तीच ८० सें.मी.वर जाते आणि बांध मोकळा राहतो. शिडी खाली घसरून सुटू नये म्हणून तळाला अटकाव हवाच. ट्रॉलीची बाजू उंच असेल तर आतल्या अंगालाही एक पक्की पायरी बसवावी, म्हणजे फाळक्यावरून आत उडी मारावी लागणार नाही.

पायरी कोठे बसवावी?

ट्रॅक्टरवर ती डाव्या बाजूला असावी. उजव्या बाजूला ब्रेक आणि ॲक्सिलरेटर असतात, तेथे पाय अडखळतो.

ट्रॉलीवर पायरी डाव्या बाजूला, चाकाच्या मागे असावी. चाकाच्या पुढे कधीही नको. पुढे बसवली आणि माणूस घसरला, तर ट्रॉली पुढे सरकताच तो चाकाखाली येतो. पाठीमागच्या फाळक्याखाली बसवली तर फाळका उघडल्यावर तो पायरीवरच लोंबतो.

येथे एक सूचना फार महत्त्वाची आहे. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडलेली असेल, तर चाकामागच्या पायरीवर कोणीही चढू नये. मागे वजन येताच पुढचा दांडा उचलला जातो आणि ट्रॉली मागे कलंडते. ट्रॉली ट्रॅक्टरला जोडलेली हवी किंवा मागे-पुढे भक्कम टेकू लावलेले हवेत.

हायड्रॉलिक ट्रॉली रिकामी करण्यापूर्वी पायरी वर घेतलीच पाहिजे. पुढची बाजू उचलली की मागची खाली जाते, पायरी जमिनीला टेकते आणि वाकते.

तयार करताना घ्यावयाची काळजी

पायरीसाठी सपाट गुळगुळीत पत्रा वापरू नये. जाळीदार पत्रा किंवा १२ मि.मी. जाडीच्या सळया शेजारी शेजारी फट ठेवून वेल्ड कराव्यात. आपली काळी माती बुटाला, चपलेला चिकटून येते. फटींतून ती खाली पडते. सपाट पत्र्यावर तिचा थर बसतो आणि पावसात तो साबणासारखा होतो.

ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सवर, ॲक्सलच्या घरावर किंवा चालकाच्या संरक्षक चौकटीवर वेल्डिंग करू नये आणि भोकही पाडू नये. तेथे क्लॅम्प आणि उपलब्ध बोल्ट वापरावेत. वेल्डिंगचे काम शक्यतो पायरी ट्रॅक्टरपासून वेगळी ठेवूनच करावे. ट्रॅक्टरवर करणे भागच पडले, तर आधी बॅटरीच्या वायरी सोडाव्यात आणि डिझेलच्या टाकीपासून दूर राहावे.

पायरी तयार झाल्यावर तिच्यावर तीन पोत्यांचे, म्हणजे सुमारे दीडशे किलो वजन ठेवून तपासावे. वाकली किंवा वेल्ड तडकला तर माणसाला तिच्यावर चढू देऊ नये. शेवटी पायरीला पिवळा किंवा लाल रंग द्यावा. मातकट रंगाची पायरी संध्याकाळी दिसत नाही. शिवाय ती खाली राहून गेली तर रंगामुळे चटकन लक्षात येते.

घडीच्या पायरीचे दोष

या पायरीचे गुण सांगितले, तसे दोषही सांगितले पाहिजेत. हलणाऱ्या वस्तूत बोट सापडते. सरकत्या शिडीची पिन काढताना एका हाताने शिडी धरलेली असावी. नाही तर ती एकदम खाली येऊन पायाच्या पंजावर पडते. यासाठी शिडीला वेगळी मूठ लावावी. बिजागरीत हात घालून पायरी उचलू नये.

खटका झिजला की पायरी चालू ट्रॅक्टरवर आपोआप खाली येते आणि बांधात अडकते. म्हणून आठवड्यातून एकदा पिन, बिजागरी आणि बोल्ट पाहावेत, माती काढावी, ग्रीस लावावे. ग्रीस पायरीच्या पृष्ठभागावर मात्र लागू देऊ नये. पिन साखळीने ट्रॉलीलाच बांधून ठेवावी. हरवलेल्या पिनेच्या जागी तार बांधली, तर पायरी असून नसल्यासारखीच.

चढावे कसे, उतरावे कसे?

पायरी बसवली म्हणजे काम संपले असे नाही. एक नियम पाठ करा : तीन आधार. दोन हात व दोन पाय मिळून आपले चार आधार. यांपैकी कोणतेही तीन नेहमी टेकलेले असावेत आणि एका वेळी एकच हलवावा. असे केले तर एक आधार निसटला तरी दोन राहतात.

उतरताना तोंड यंत्राकडे आणि पाठ बाहेर ठेवावी, म्हणजे घरातील शिडीवरून उतरतो तसे. क्रम असा ठेवावा :

१. ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून गिअर न्यूट्रल करावा आणि हँडब्रेक लावावा.

२. पी.टी.ओ. बंद करावा आणि जोडलेले अवजार जमिनीवर टेकवावे.

३. इंजिन बंद करून किल्ली काढावी.

४. तासन् तास बसून पाय आखडलेले असतात. म्हणून अर्धा मिनिट जागेवरच पाय हलवावेत.

५. खाली पाहावे, तीन आधार धरावेत आणि पायरीने उतरावे.

साडीचा पदर खोचलेला असावा आणि धोतराचा सोगा लोंबता नसावा. पायाला चिखल असेल तर तो आधी झटकावा. ओली, झिजलेली चप्पल घालून चढू नये. ट्रॉलीवर माणूस चढत-उतरत असताना चालकाने सीटवरून ट्रॅक्टर हलवू नये. "उतरले का सगळे?" असे मोठ्याने विचारावे आणि उत्तर आल्यावरच पुढे जावे.

डोक्यावर ओझे असताना

कोल्हापूर, सांगली, अहिल्यानगरच्या ऊसपट्ट्यात तोडणी कामगार डोक्यावर मोळी घेऊन वाहनावर चढताना आपण दर हंगामात पाहतो. येथे मी स्पष्ट सांगतो : ही उभी पायरी ओझ्यासाठी नाही. मोळी धरण्यास हात गुंतले की तीन आधार राहत नाहीत. ओझ्यासाठी रुंद आणि कमी उताराची फळी हवी, तिच्यावर आडव्या पट्ट्या हव्यात आणि तिचे वरचे टोक वाहनाला हुकाने अडकवलेले हवे. पोती किंवा पेंढ्या चढवायच्या असतील, तर माणसाने आधी रिकाम्या हाताने वर जावे आणि खालच्याने माल वर द्यावा.

दुसरे, पायरी झाली म्हणून ट्रॉली प्रवासी गाडी होत नाही. ट्रॅक्टरवर चालकाशेजारी माणसे बसवणे किंवा मालाच्या ट्रॉलीतून माणसांची वाहतूक करणे नियमाला धरून नाही आणि ते जिवावर बेतणारे आहे. चालू ट्रॅक्टरच्या पायरीवर उभे राहणाऱ्या मुलाला तर त्याच क्षणी खाली उतरवावे.

एवढी काळजी घेऊनही कोणी पडलेच, तर त्याला ओढून उभे करू नये. मान किंवा पाठ दुखत असेल, तर हलवू नये आणि १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.

शेवटी एकच विनंती

मित्रहो, आपण ट्रॅक्टरला नांगर घेतो, रोटाव्हेटर घेतो, पेरणी यंत्र घेतो आणि त्यांवर बरेच पैसे खर्च करतो. त्यांच्या मानाने ही पायरी म्हणजे थोड्या लोखंडाचे आणि वेल्डिंगवाल्याच्या एका दिवसाचे काम. पण त्या पायरीवर आपल्या घरची माणसे आणि आपल्या भरवशावर कामाला येणारे मजूर दिवसातून अनेक वेळा पाय ठेवणार आहेत.

आज घरी गेल्यावर टेप घ्या. आपल्या ट्रॅक्टरची पहिली पायरी आणि ट्रॉलीची जमीन किती उंच आहे, ते मोजा. मग घरातील सर्वांत बुटक्या आणि सर्वांत वयस्कर माणसाला विचारा, पाय कोठे ठेवता येईल? ते दाखवतील, तेथे खडूने खूण करा. पायरी त्या खुणेवर बसवा. आम्हीही अखेर तसेच केले. मावशींनी दाखवलेल्या जागी पायरी आली आणि आता आमच्या ट्रॉलीवरून कोणी टायरवर पाय देऊन उतरत नाही.